तुम्ही विचारलंत म्हणून: एकदाच ऑपरेशन करून मोकळं का नाही होत?

लग्नात, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, लोक मला कायम विचारतात, की ओठ तर लहानपणीच शिवला ना, मग मुलगी 14 वर्षांची झाली तरी दवाखान्याच्या फेऱ्या का? राग नाही येत, पहिल्या दिवशी मलाही एकाच ऑपरेशनचं वाटलेलं.

तिचा ओठ आणि टाळू (तोंडातलं वरचं छत) दोन्ही जन्मतःच दुभंगलेले. दूध नाकातून यायचं म्हणून चमच्याने थेंब थेंब पाजायचो. आधी काही आठवडे तोंडात छोटी प्लेट आणि ओठांवर टेप, हिरडीचे दोन भाग जवळ यावेत म्हणून. मग 4 महिन्यांची असताना ओठ, 11व्या महिन्यात टाळू. टाळू फार उशिरा शिवली तर मूल गेंगाणं बोलायला लागतं, आणि शिवली की तिथला व्रण वरच्या जबड्याची वाढ अडवू शकतो, म्हणजे दोन्हीकडून अडचण. त्यात मूल रोज वाढतंय, मग एकदाच सगळं कसं होणार सांगा?

9व्या वर्षी हिरडीतली फट भरली. आधी तारेने वरचा जबडा रुंद केला, मग कमरेच्या हाडातला मऊ भाग काढून तिथे बसवला. हे सुळा उतरायच्या आधी व्हावं लागतं, कारण सुळा त्याच नवीन हाडातून खाली येतो. ती म्हणायची तोंड नाही गं, कंबरच दुखते! दीड वर्षाने सुळा दिसला तेव्हा मी आरशासमोर तिचं तोंड उघडून उघडून बघितलं.

आणि हो, ग्रहणात काही चिरलंस का, हेही विचारतात. नाही हो. ओठ पोटात पहिल्या दोन महिन्यांतच जुळतो किंवा राहतो, मला तर दिवस गेल्याचंच तेव्हा नुकतं कळलेलं. कृपा करून कुठल्याच आईला हे विचारू नका, बाळंतिणीला तर नाहीच.

आता खालचे दात वरच्यांच्या पुढे गेलेत. जबड्याचं ऑपरेशन वाढ थांबल्यावर, त्याआधी ब्रेसेस, आणि डॉक्टरांनी आत्ताच सांगून ठेवलंय की दात सरळ करताना चावा, म्हणजे वरखालचे दात एकमेकांवर बसणं, काही काळ आणखी वाईट दिसेल, घाबरू नका. हल्ली तारीख कधीची, तारा किती महिने, सगळं तीच विचारते, मी शेजारी फाईल धरून बसते.