स्पॉकला गॉर्न माहीत होता का नव्हता?

स्टार ट्रेक या अंतराळातल्या अमेरिकन टीव्ही मालिकेचे प्रीक्वेल, म्हणजे तिच्या आधीचा काळ दाखवणाऱ्या नव्या मालिका, जुन्या मालिकेशी जुळतात का नाही यावरून आमच्या चौघांत परत वाजलंय, निमित्त गॉर्न नावाच्या सरड्यासारख्या परग्रहवासीयांचं, आणि यावेळी मी माझं म्हणणं इथे लिहून काढणार आहे, कारण सोलापूरच्या कंबर तलावाच्या कट्ट्यावर मला कोणी एक वाक्य धड पूर्ण करू देत नाही.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी पटकन. मूळ मालिका 1966 ते 1969, 79 भाग, एंटरप्राइझ नावाचं अंतराळजहाज, त्यावर कॅप्टन कर्क, सायन्स ऑफिसर स्पॉक (अर्धा माणूस, अर्धा व्हल्कन नावाच्या परग्रहावरच्या जातीचा), डॉक्टर मॅकॉय, काळ तेविसाव्या शतकातला. मग पुढच्या काळातल्या मालिका आल्या आणि मग 2001 पासून हे लोक मागे जायला लागले. आधी एंटरप्राइझ नावाचीच मालिका (कर्कच्या शंभरेक वर्षं अगोदर), मग 2017 ला डिस्कव्हरी (दहाएक वर्षं अगोदर) आणि 2022 पासून स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स, ज्यात जहाज तेच, स्पॉक तोच, फक्त कॅप्टन पाइक. आता दहा वर्षं अगोदरची गोष्ट पन्नास वर्षांनी बनवली की गोंधळ होणारच, जुन्या मालिकेत रंगीत बटणं आणि नव्यात हवेत उभे राहणारे होलोग्राम, म्हणजे माणसाने दहा वर्षांत सगळी टेक्नॉलॉजी विसरून पुठ्ठ्याची जहाजं बांधली असं मानायचं का?

आमच्यातला एक कॉलेजात गणित शिकवतो, त्याला याचाच सगळ्यात जास्त त्रास होतो. त्याच्याकडे तारखांची एक्सेल शीट आहे, खोटं नाही सांगत. दुसरा पूर्व भागातला, घरी पॉवरलूम आहेत, तो म्हणतो सेट जुना झाला की बदलणार, "कपाळ बदललं तर तुझं काय बिघडतंय बे?"

कपाळ म्हणजे क्लिंगॉनचं, मालिकेतल्या लढाऊ परग्रहवासीयांचं. 1960 च्या दशकात क्लिंगॉन साधे माणसासारखे दिसायचे, बजेटच नव्हतं. 1979 च्या पहिल्या सिनेमात त्यांच्या कपाळावर उंचवटे आले आणि मग तेच कायम झालं. लोकांनी गुपचूप मान्य केलं होतं की मेकअप सुधारला, विषय संपला. पण 1996 मधे डीप स्पेस नाइन या पुढच्या काळातल्या मालिकेची माणसं कालप्रवास करून जुन्या मालिकेच्या एका भागात शिरतात तेव्हा दोन्ही कपाळं एकाच खोलीत आली, आणि त्यांच्यातल्या क्लिंगॉनला, वॉर्फला, विचारल्यावर तो म्हणतो आम्ही बाहेरच्यांशी यावर बोलत नाही. याहून चांगलं उत्तर मला तरी सुचत नाही. पण एंटरप्राइझवाल्यांना राहवलं नाही, 2005 मधे दोन भाग खर्च करून त्यांनी एका व्हायरसची गोष्ट रचली की त्यामुळे क्लिंगॉनची कपाळं सपाट झाली. मास्तर खूश. मला मात्र ते दोन भाग बरे वाटले तरी प्रश्नच फालतू वाटतो, कारण कपाळामुळे जुन्या मालिकेतल्या एकाही गोष्टीचा अर्थ बदलत नव्हता.

माझा मुद्दा हाच आहे. दिसतं कसं, जहाज किती पळतं, साल कुठलं, हे सगळं मी सोडून द्यायला तयार आहे. मी बघतो ते एकच, कुणाला काय माहीत होतं आणि काय माहीत नव्हतं.

मूळ मालिकेतला डिसेंबर 1966 चा बॅलन्स ऑफ टेरर हा भाग घ्या. माणसं आणि रोम्युलन नावाचे परग्रहवासी यांच्यात शंभर वर्षांपूर्वी युद्ध झालेलं, तहसुद्धा रेडिओवरून झालेला, एकमेकांचं तोंड कुणी बघितलेलं नाही. आणि मग पहिल्यांदा पडद्यावर रोम्युलन कमांडर दिसतो तर तो हुबेहूब स्पॉकच्या जातीचा, आणि त्याच क्षणी ब्रिजवरचा (जहाज चालवायच्या खोलीतला) एक ऑफिसर वळून स्पॉककडे संशयाने बघायला लागतो. तो अख्खा भाग उभा आहे तो त्या न बघण्यावर. आधीच कुणी बघितलं असेल तर संशय नाही, संशय नाही तर गोष्ट नाही.

एंटरप्राइझने इथे अर्धं काम चोख केलं. चौथ्या सीझनमधे रोम्युलन आपल्याला म्हणजे प्रेक्षकांना दिसतात, पण त्या मालिकेचा कॅप्टन आर्चर आणि त्याच्या माणसांना दिसत नाहीत, त्यांच्यासमोर येतं ते दुरून चालवलेलं रिकामं जहाज. हे कुणीतरी बसून, जुना भाग समोर ठेवून लिहिलंय हे कळतं. पण त्याच मालिकेने 2002 मधेच रोम्युलन जहाजं अदृश्य होताना दाखवून ठेवली होती, आणि 1966 च्या भागात तर स्पॉक अदृश्य होणं थिअरीत शक्य आहे असं काहीतरी नवीन ऐकल्यासारखं सांगतो. मास्तर आणि मी, आमचं एकमत झालेली बहुतेक ही एकच गोष्ट.

आता गॉर्न, म्हणजे खरं भांडण.

मूळ मालिकेतला जानेवारी 1967 चा अरीना हा भाग. सेस्टस थ्री नावाच्या ग्रहावरची माणसांची वस्ती कुणीतरी जाळून टाकलेली असते, कर्क रागाने पेटून त्या जहाजाचा पाठलाग करतो, मधेच मेट्रॉन नावाचे लोक दोन्ही जहाजं थांबवतात आणि दोन्ही कॅप्टनना एका ग्रहावर सोडून देतात, लढा म्हणून. समोर सरड्यासारखा गॉर्न. रबरी सूट आहे हो, दिसतोय, हसा. कर्क गंधक, सोरा, कोळसा गोळा करून तोफ बनवतो, जिंकतो आणि मग मारत नाही. का मारत नाही, कारण तोपर्यंत गॉर्न त्याला सांगून चुकलाय की तुम्हीच आमच्या हद्दीत येऊन वस्ती केली, आणि वर जहाजावर मॅकॉयलाही वाटायला लागतं की चूक आपलीच असू शकते. ज्याच्याबद्दल काहीच माहिती नाही अशा परक्याला राक्षस समजलो आणि तो राक्षस नव्हता, एवढीच ती गोष्ट.

स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्समधे गॉर्न काय आहेत? माणसांच्या अंगात अंडी घालतात, पिल्लं छाती फोडून बाहेर येतात, जहाजावरच्या ला'आनचं लहानपण त्यांनी खाल्लं, पहिल्याच सीझनमधे इंजिनियर हेमरचा जीव गेला. आणि हे सगळं स्पॉकच्या डोळ्यादेखत. मग काही वर्षांनी हाच स्पॉक अरीनामधे ब्रिजवर बसून कर्क आणि गॉर्नची मारामारी बघतो आणि एका शब्दाने बोलत नाही की कॅप्टन, ओळखीचे आहेत हे? पॉवरलूमवाला म्हणतो स्पॉक तसाही कुणाला काही सांगत नाही, स्वतःचा बाप जहाजावर आला तरी कर्कला आयत्या वेळी कळतं, सावत्र भाऊ तर 1989 च्या सिनेमात उगवला, मग डिस्कव्हरीतली मानलेली बहीण चालते तर हे का नाही. बहीण चालते, मान्य आहे, ती घरची गोष्ट झाली. पण शत्रूची माहिती लपवणारा सायन्स ऑफिसर म्हणजे काय बोलूलालास बे?

आणि राग येतो तो यासाठी की हेच लोक उत्तम करू शकतात. पहिल्या सीझनचा शेवटचा भाग बघा, त्यात पाइकला भविष्य दाखवतात, बॅलन्स ऑफ टेररच्या त्याच प्रसंगात कर्कच्या जागी पाइक असता तर काय झालं असतं, आणि पाइकच्या चांगुलपणामुळेच युद्ध पेटतं. तो बघून मी जुना भाग परत बघितला तर कर्कचा रोम्युलनवर हल्ला करायचा निर्णय मला आधीपेक्षा जड वाटला.

खान, म्हणजे जुन्या मालिकेतला जनुकं बदलून बनवलेला हुकूमशहा, त्याचंही तसंच. 1967 मधे सांगितलं होतं की खानची युद्धं 1990 च्या दशकात झाली, आपण तो काळ जगलो, काही झालं नाही, उदारीकरण तेवढं झालं. मग 2023 मधे एक रोम्युलन एजंट वैतागून सांगते की हे सगळं 1992 मधेच व्हायचं होतं, कालप्रवासवाल्यांच्या ढवळाढवळीत तारखा पुढे सरकल्या. मास्तरने त्या रात्री शीटमधे नवीन कॉलम टाकला. मी सोडून दिलं, तारीख सरकली तरी खान खानच राहतो.

आमची ताई, म्हणजे माझी मावसबहीण, लायब्ररीत असते, ती हे सगळं ऐकून घेते आणि मग एकच काहीतरी बोलते. यावेळी म्हणाली, "अरे, एकनाथांनी शके 1506 मधे ज्ञानेश्वरी शुद्ध करून ठेवली, आणि यात स्वतःची ओवी घालाल तर अमृताच्या ताटात नरोटी (करवंटी) ठेवल्यासारखं होईल अशी तंबीही दिली. पण त्याच एकनाथांनी रामायण मात्र स्वतःच्या पद्धतीने मराठीत सांगितलंच की." मास्तरला वाटलं ती त्याच्या बाजूने बोलली, पॉवरलूमवाल्याला वाटलं त्याच्या. मला वाटलं माझ्या.

2025 च्या सीझनमधे स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्सवाल्यांनी दुरुस्तीचा प्रयत्न केलाय हे कबूल करतो. पायलट ऑर्टेगास आणि एक गॉर्न ओसाड चंद्रावर अडकतात, भाषा नाही तरी एकमेकांना जगवतात आणि शेवटी मेट्रॉन येतो. अरीनाकडे जायला पूल बांधलाय उघड उघड. भाग म्हणून चांगला आहे, डोळ्यात पाणी आलं, पण हा पूल लागला कारण आधीचा रस्ता ह्यांनीच खणून ठेवला होता. आणि ऑर्टेगासचं मन बदललं तरी स्पॉकच्या गप्प बसण्याचं काय, ते तिथेच आहे.

तर पुढच्या रविवारी चौघं मिळून अरीना बघणार आहोत, मास्तरच्या घरी, शीटसकट. एंटरप्राइझच्या 2005 च्या शेवटच्या भागाचा विषय मात्र कुणी काढायचा नाही असं आधीच ठरलंय, स्वतःच्याच मालिकेच्या निरोपाला दुसऱ्याच मालिकेतला रायकर होलोडेकमधे (होलोग्रामच्या खोलीत) बसून बघतोय आणि इंजिनियर ट्रिपला फुकटचा मारला, तो भाग आम्ही एकमताने बाद केलाय, मास्तरने शीटमधून ती ओळसुद्धा उडवलीय.