तुम्ही विचारलंत म्हणून: गहाळ किंमत आणि रिकामा अ‍ॅरे

अ‍ॅरेमध्ये, म्हणजे किमतींच्या क्रमवार मांडणीत, एखादी किंमत गहाळ आहे का, हे दोन बरोबर-चिन्हे वापरून तपासले तर उत्तर नेहमी ‘नाही’ असेच का येते, हा प्रश्न पायथन नव्याने शिकणारे मला हमखास विचारतात. नमपाय या पायथनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीत दशांश संख्यांच्या अ‍ॅरेत गहाळ जागी सहसा ‘नॅन’ (‘ही संख्या नाही’ अशी खूण) ठेवतात, आणि १९८५ च्या आयईईई ७५४ या संगणकातील दशांश संख्यांच्या मानकानुसार नॅन कोणाशीही, अगदी स्वतःशीसुद्धा, बरोबर ठरत नाही. म्हणून तेथे ‘इझनॅन’ हे फंक्शन लागते. ते प्रत्येक घटकाचे उत्तर वेगळे देत असल्याने त्याचे फलितही अ‍ॅरेच असते, आणि त्यावरून एकच हो-नाही काढायचे तर ‘एनी’ (एक तरी ‘हो’ आहे का) किंवा ‘ऑल’ (सगळेच ‘हो’ आहेत का) लावावे लागते.

खरी गोम इथेच आहे. अ‍ॅरेत एकही घटक नसेल, तर ‘एनी’ सांगते की काहीच गहाळ नाही, आणि ‘ऑल’ सांगते की सगळेच गहाळ आहे. तर्कशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही उत्तरे निर्दोष आहेत, पण हिशेब करणाऱ्याच्या ती काही कामाची नाहीत. अशा अ‍ॅरेची बेरीज मुकाट्याने शून्य येते. सरासरी मात्र निदान इशारा देऊन नॅन परत करते. म्हणून ‘साइझ’, म्हणजे घटकांची संख्या, शून्य आहे का, हे आधी आणि स्वतंत्रपणे विचारावे, असा माझा आग्रह असतो. विशेषतः चाळणी लावून ओळी गाळल्यानंतर.

पांडाज या तक्त्यांसाठीच्या पायथन-लायब्ररीत हाच घोळ अधिक बेमालूम होतो. पर्जन्यमापक बंद पडल्यामुळे जुलैच्या सगळ्या नोंदी नॅन असल्या, तरी ०.२२ आवृत्तीपासून त्यांची बेरीज शून्य येते, आणि तक्त्यात जुलै कोरडा गेल्याचे दिसते. बेरजेला ‘मिन_काउंट’ (किमान किती खऱ्या नोंदी हव्यात) १ दिला, की एकही खरी नोंद नसताना उत्तर नॅन येते. शून्य हे मूळ ठरीव उत्तर का निवडले असावे हे मला कळते, तरी मोजमापांच्या कामात ते मला पटत नाही.

पूर्णांकांच्या नमपाय अ‍ॅरेत नॅन मावतच नाही. त्यामुळे पांडाजच्या साध्या पूर्णांक स्तंभात एक जागा जरी गहाळ झाली, तरी सहसा सगळा स्तंभ दशांश होतो, आणि ९००७१९९२५४७४०९९२ च्या (सलग पूर्णांक दशांश प्रकारात तिथपर्यंतच अचूक मावतात) पुढच्या ओळख-क्रमांकांचे शेवटचे अंक बदलू शकतात. असे क्रमांक मजकूर म्हणूनच वाचून घ्यावेत.