सहा कामट्यांची काठी

इंग्लंडमधल्या एका छोट्या वस्तुसंग्रहालयात जुन्या वस्तूंची निगा राखणे हे माझे काम असल्यामुळे घड्याळे, कुलपे, शेतीची अवजारे माझ्या टेबलावर नेहमीच येतात. गळाची काठी मात्र त्या दिवशी प्रथमच आली. ती घेऊन आलेल्या बाईंचे वडील 1950 च्या दशकात कार्पसाठी, म्हणजे आपल्या रोहू-कटल्याच्याच कुळातल्या माशासाठी, रात्र रात्र तळ्याकाठी बसत आणि गळाला लागलेला मासा पुन्हा पाण्यात सोडून देत. (माझ्या घरच्यांना हे अजून पटत नाही.)

मोठा कार्प गळाला लागणे जवळजवळ अशक्य, अशी तिथे जुनी समजूत होती. रिचर्ड वॉकर या हौशी इंग्लिश गळकऱ्याने 13 सप्टेंबर 1952 रोजी हेरफर्डशरमधल्या रेडमायर तळ्यातून 44 पौंडांचा, म्हणजे सुमारे 20 किलोंचा कार्प काढला आणि ती समजूत मोडली. तो मासा पुढे लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 1971 पर्यंत जगला. वॉकरने आखलेली ‘मार्क फोर’ काठी ईलिंगच्या बी. जेम्स कंपनीने बाजारात आणली, आणि आज जुन्या काठ्यांत ती चांगलाच भाव खाते. आपल्याकडे आहे ती हीच, अशी बाईंची खात्री होती.

भिंगाखाली चित्र वेगळे दिसले. बांबूच्या सहा त्रिकोणी कामट्या चिकटवून केलेल्या त्या षट्कोनी काठीत एक सांधा उघडाच राहिला होता, कड्या बांधणाऱ्या रेशमी दोऱ्याचे वेढे कुठे दाट तर कुठे विरळ होते, आणि कंपनीचे नाव कुठेच नव्हते. काठी घरी बांधलेली होती. बाईंचा चेहरा उतरला. निदान व्हार्निश तरी नवे लावून आणि टोकाचा बाक काढून देते, असे त्या म्हणाल्या. मी ठाम नकार दिला. कारखान्यातल्या काठ्या हौशी संग्राहक जपतातच, पण पगारात न परवडणारी वस्तू एखाद्या माणसाने रात्री जागून कशी उभी केली, याचा पुरावा अशा ओबडधोबड काठीतच सापडतो. आणि तो बाक तर वर्षानुवर्षे ओढलेल्या वजनाने आलेला.

काठीबरोबर तंबाखूचा एक पत्र्याचा डबा होता. आत फुटून पांढरा क्षार सांडलेली बॅटरी, एक बझर आणि बाहेर डोकावणारी तार. त्याचा उपयोग मला उमगेना. बाईंनी गळाचा दोरा त्या तारेला टेकवला आणि हलकेच ओढला: माशाने आमिष उचलले की तार सरकते, आतले दोन पत्रे एकमेकांना भिडतात आणि झोपलेला माणूस जागा होतो. वॉकरने अशी विजेची घंटा तयार केल्यावर हौशी लोकांनी घरोघरी तिच्या नकला केल्या होत्या.

मी काम थांबवून ध्वनिमुद्रक लावला आणि त्यांना तेच पुन्हा, सावकाश करून दाखवायला सांगितले. बॅटरी काढून वेगळी ठेवली आहे, मुद्रण काठीच्या नोंदीला जोडले आहे. डब्यातला क्षार मात्र अजून साफ व्हायचा आहे.