पॉइंट क्लाउडवरून डीटीएम आणि ऑर्थो: बांध, डाळिंबं आणि प्रत्येक सेलचा मालक

माण तालुक्यातल्या आमच्या रानाचा पॉइंट क्लाउड, म्हणजे ड्रोनच्या फोटोंवरून बनलेला उंची आणि रंग असलेल्या बिंदूंचा ढग, वेबओडीएम या सॉफ्टवेअरमधून निघाला होताच, आता त्याची रास्टरं, म्हणजे चौकोनी सेलचे नकाशे, हाताशी आली आहेत: डीटीएम म्हणजे नुसत्या जमिनीच्या उंचीचा, ऑर्थो म्हणजे सरळ वरून दिसणारं रंगीत चित्र. ड्रोन मुद्दाम शाळू निघाल्यावर उडवला. फोटोंवरून बनलेल्या क्लाउडला पिकाखालची माती दिसत नाही. ते काम लायडारचं, म्हणजे लेझरने मोजण्याचं. उभ्या पिकातून काढलेला डीटीएम हा अंदाजपंचेच, मग फिल्टर कुठलाही लावा.

जमिनीचे बिंदू वेगळे करायला पीडाल या पॉइंट क्लाउडच्या सॉफ्टवेअरमधला एसएमआरएफ हा फिल्टर वापरतोय. त्याचे मूळ आकडे असे: सेल १ मीटर, उतार ०.१५, खिडकी (एका वेळी बघायचा जास्तीत जास्त परिसर) १८ मीटर, थ्रेशोल्ड (जमिनीपासून किती उंचीपर्यंतचा बिंदू जमीन मानायचा ती मर्यादा) ०.५ मीटर. एवढ्यावर डाळिंबाची झाडं साफ निघतात, कारण दोन ओळींमधली माती उघडी असते. गंमत बांधांची आहे. दगडी ताली टिकतात, कारण तालीच्या वरच्या अंगाला रुंद वावर असतं आणि फिल्टरला ती पायरी वाटते. पण दोन्हीकडे उतरता, अरुंद, गुडघ्याच्या वर गेलेला मातीचा बांध त्याला झाडासारखाच वाटतो, आणि तो छाटला जातो. पाणी कुठे अडतं ते बघायला डीटीएम काढायचा आणि त्यातून बांधच गायब, म्हणजे सगळं मुसळ केरात.

थ्रेशोल्ड वाढवला की बांध परत येतात, पण डाळिंबाच्या खालच्या फांद्याही सोबत येतात. म्हणून तो नाद सोडून क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये बांधांवर रेघा मारल्या, त्यांना बफर, म्हणजे दोन्ही बाजूंनी पट्टा, दिला आणि एसएमआरएफनंतर पीडालच्या ओव्हरले फिल्टरने त्या पट्ट्यातल्या बिंदूंना थेट वर्ग २, म्हणजे जमीन, देऊन टाकला. हातकाम आहे, पण आपल्या रानातले बांध आपल्याइतके अल्गोरिदमला थोडेच माहीत! बांधावरच्या बाभळींची जागा मात्र नकाशावरच्या पट्ट्यातून आधी वगळून घ्या, नाहीतर त्याही जमीन होऊन बसतात.

शेततळ्याचा काळा कागद हे वेगळंच दुखणं. चकाकी आणि एकसारखा रंग, त्यामुळे जमिनीच्या खाली खोटे बिंदू पडतात. एसएमआरएफ सुरुवातच सगळ्यात खालच्या बिंदूंपासून करतो, त्यामुळे त्याच्याआधी असे खोल बिंदू हुडकणारा ईएलएम फिल्टर लावून हा कचरा वर्ग ७, म्हणजे खोटे खालचे बिंदू, मध्ये टाकलेला बरा. आणि एसएमआरएफला तो वर्ग दुर्लक्षित करायला सांगायला विसरू नका.

आता ऑर्थो. वेबओडीएम स्वतःचा देतोच, पण मला डीएसएमच्या (झाडांसकट वरच्या पृष्ठभागाच्या उंचीच्या रास्टरच्या) सेलवर सेल बसणारा हवा होता. पीडालच्या जीडाल रायटरला, म्हणजे रास्टर लिहिणाऱ्या भागाला, लाल, हिरवा, निळा असे तीन थर एकेक करून मागता येतात. मात्र तिथे 'मॅक्स' (कमाल) म्हणजे सर्वात वरच्या बिंदूचा लाल रंग नव्हे, तर त्या परिसरातला सर्वात मोठा लाल आकडा! तिन्ही थर वेगवेगळ्या बिंदूंचे, आणि चित्र भडक, फिकुटलेलं. 'मीन' (सरासरी) घेतला तर पानाचा हिरवा नि मातीचा तांबडा मिसळून चिखल होतो. शिवाय रायटर ज्या त्रिज्येत बिंदू शोधतो ती मुळात रिझोल्यूशनच्या (सेलच्या मापाच्या) √२ पट असते, त्यामुळे शेजारच्या सेलचे बिंदूही हिशेबात येतात.

शेवटी लॅसपाय आणि नम्पाय या पायथनच्या लायब्रऱ्या घेऊन स्वतःच कोड लिहिला. बिंदू उंचीनुसार चढत्या क्रमाने लावायचे आणि त्याच क्रमाने रंग सेलमध्ये भरत जायचं. शेवटी लिहिला जाणारा बिंदू सर्वात उंच, तोच टिकतो. सेलची ओळ काढताना कमाल वाय (उत्तरेकडचा अंक) वजा बिंदूचा वाय, नाहीतर रान उत्तर-दक्षिण उलटं होतं. लॅस या पॉइंट क्लाउडच्या फाइलमध्ये रंग १६ बिटचे असतात, तेव्हा ८ बिटच्या चित्रासाठी २५६ ने भागायचं. पण काही सॉफ्टवेअर त्या जागेत ८ बिटचेच आकडे ठेवतात, आणि भागल्यावर चित्र काळंठिक्कर. आधी कमाल आकडा बघा.

प्रोजेक्शन, म्हणजे नकाशाची मोजपद्धत, यूटीएम ४३ उत्तर, तिचा ईपीएसजी क्रमांक ३२६४३. ७८ अंश रेखांशाच्या पूर्वेला, म्हणजे नागपूरकडच्या मंडळींना ३२६४४.

आता अर्ध्या मीटरच्या समोच्च रेषा काढून त्या डम्पी लेव्हल या उंची मोजायच्या दुर्बिणीच्या रीडिंगशी ताडून बघायच्या आहेत. कुणी बांधांसाठी सीएसएफ, म्हणजे कापड पसरणारा फिल्टर, लावून बघितला असेल तर त्याचे आकडे टाका.