पद्मिनीसाठी शेड बांधतोय, ३० बाय ४० चा हिशेब

बाबांची प्रीमियर पद्मिनी गेली बारा वर्षं आमच्या जुन्या गोठ्यात उभी आहे. वर ताडपत्री आणि खाली शेणामातीची जमीन, आणि बेळगावच्या खानापूर रोडच्या बाजूला पावसाळ्यात हवा कशी असते ते इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. मागच्या दिवाळीत ताडपत्री काढली, फूटबोर्डाखाली (दरवाजाखालची बॉडीची पट्टी) स्क्रूड्रायव्हर टेकवला तर तो सरळ आतच गेला. त्याच दिवशी ठरवलं की गाडीला हात लावायच्या आधी गाडीला छप्पर पाहिजे, नाहीतर एका बाजूनं वेल्डिंग करायचं आणि दुसऱ्या बाजूनं गंज चढायचा, असं किती वर्षं चालणार.

तर पत्र्याची शेड. जागा देसूरच्या बाजूला, एन.ए. (बिनशेती) झालेली, म्हणून एक मोठी कटकट वाचली. ज्यांची जमीन अजून शेतीची आहे त्यांनी आधी ते बघा आणि मग कोटेशन मागा, कर्नाटकात जमीन महसूल कायद्याच्या कलम ९५ खाली कन्व्हर्जन लागतं. पंचायतीचा अर्ज कन्नडमधनं लिहायला मित्राची मदत घेतली, उताऱ्यावरचं नाव आणि अर्जावरचं नाव अक्षराला अक्षर जुळतंय का ते दोनदा बघून घेतलं.

आता साइज. पद्मिनी साधारण १३ फूट लांब आणि ५ फुटाला जरा कमी रुंद, म्हणून मी पहिल्यांदा १५ बाय २० धरली होती आणि ते साफ चुकलं असतं. गाडी खोलली की ती तिप्पट जागा खाते. चार दरवाजे, बॉनेट, डिकी, फेंडर, सीटा, काचा, इंजिन स्टँडवर, गिअरबॉक्स टेबलावर, आणि यातलं काहीही एकमेकांवर रचून ठेवता येत नाही. मी गोठ्यासमोरच्या अंगणात चुन्यानं रेघा मारल्या, घरातल्या दोन चटया दरवाजे म्हणून टाकल्या, खाटेला बॉनेट समजलो आणि सगळ्या बाजूंनी चालून बघितलं. आई विचारत होती काय चाललंय. दुपारपर्यंत ३० बाय ४० ठरलं, म्हणजे १२०० चौरस फूट. एक गाडी कामात, एक लिफ्टवर, एका कोपऱ्यात पार्टीशन घालून रंगाची खोली, कारण थिनर आणि वेल्डिंगची ठिणगी एका हवेत ठेवायची नाही.

उंची पण गाडीवरनंच काढली. लिफ्टवर गाडी ६ फूट उचलली की वर तिची स्वतःची ५ फूट, झाले ११, वर लाइट आणि थोडी मोकळीक, म्हणून बाजूची उंची १४ फूट घेतली. लिफ्ट आता लगेच घेणार नाही, पैसे नाहीत, पण उंची नंतर वाढवता येत नाही म्हणून ती आत्ताच.

छपराचा उतार सगळे १० ला १ सांगतात, म्हणजे मधनं कडेपर्यंत १५ फुटाला दीड फूट. आपल्याकडच्या पावसाला मी ५ ला १ घेतला, मध्ये १७ फूट. आणि पन्हाळीचा हिशेब करून बघा, या छपरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर ११ हजार लिटर पाणी होतं, जुलैत खानापूरकडं असा दिवस येतोच, ते पाणी जायचं कुठं हे पाया खणायच्या आधीच ठरवायला पाहिजे. मी एका बाजूला टाकी घेतली.

आता रेट, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीमधनं दोन कोटेशनं घेतली. एक ३८० रुपये चौरस फूट, एक ४६० रुपये चौरस फूट, दोन्हीवर जीएसटी वेगळा. १२०० फुटाला ४ लाख ५६ हजार आणि ५ लाख ५२ हजार. घरात सगळे म्हणाले ३८० वाल्याला दे. मी ४६० वाल्या फॅब्रिकेटर मामांना फोन करून विचारलं एवढा फरक का, तर ते म्हणाले, "फुटाचा रेट सगळे सांगतात, वजन कोण सांगत नाही बगा. त्यांना वजन विचारा."

विचारलं. पहिल्याचं लोखंड फुटाला २.६ किलो, मामांचं ३.६. म्हणजे ३१२० किलो आणि ४३२० किलो. दोघांचा पत्रा सारखाच, ०.५० एमएमचा कलर कोटेड, त्याचे १ लाख ४० हजार बाजूला काढले तर लोखंडाचा रेट पहिल्याचा १०१ रुपये किलो पडतो आणि मामांचा ९५. स्वस्त वाटणारा महाग निघाला! वर त्यानं पर्लिन (पत्रा ज्यावर बसतो ते आडवे लोखंड) ६ फुटांवर टाकलेले, मामांनी साडेचार फुटांवर, आणि आपल्याकडं आषाढातला वारा कसा येतो ते माहीत असेल तर हा फरक छोटा नाही. वाऱ्याच्या लोडसाठी आयएस ८७५ भाग ३ हे भारतीय मानक आहे, डिझाइन करणाऱ्यानं ते धरलंय का एवढं विचाराच. मी वजनावर करार केला, प्रत्येक खेपेची काट्याची पावती, आणि प्लेट मोजायला साधा नियम, १ एमएम जाडीला चौरस मीटरला ७.८५ किलो. कोल्हापूरहून माल आणायचा पण विचार केलेला, पण तिथनं दुसऱ्या राज्यातला म्हणून आयजीएसटी १८ टक्के आणि इथं केंद्राचा ९ अधिक राज्याचा ९, कराचा फायदा काही नाही, वर भाडं, म्हणून सोडून दिलं.

पण खरा खर्च फ्लोअरचा, आणि इथं मी अजिबात कंजूसपणा केला नाही. पद्मिनीला जीपसारखी वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार घेते. कुजलेला फूटबोर्ड कापला की मधली ताकद जाते, खाली टेकू बरोबर नसले तर दरवाजाची फट बदलते आणि मग दरवाजा जन्मात नीट लागत नाही. म्हणजे जमीन हेच आपलं मोजमाप. तिला आत उतार द्यायचा नाही, लेव्हल पाहिजे. गाडी धुवायचं काम बाहेर, ८ फुटाच्या पडवीत, तिथं उतार. खाली मुरूम दाबून, २५० मायक्रॉन प्लास्टिक टाकून (हे नाही टाकलं तर ओल वर येते, गोठ्यात तेच झालं) वर ६ इंच काँक्रीट, ट्रिमिक्स (जास्तीचं पाणी व्हॅक्यूमनं ओढून घोटलेलं). लिफ्टच्या खांबांची जागा आत्ताच १२ बाय ४ फूट आखून तिथं १ फूट जाड आणि सळई. आमच्याकडं हातभर लाल मातीखाली मुरूम लागला म्हणून पाया सोपा, पण येळ्ळूरच्या मित्राची काळी जमीन आहे, ती पावसात फुगते उन्हात फाटते, त्याला मुरूम लागेपर्यंत खाली जावं लागेल, त्यानं माझा आकडा धरू नये.

अजून एक, पत्र्याखाली बबल इन्सुलेशन. थंडीत पहाटे पत्र्याच्या आतल्या बाजूला दव जमतं आणि टपटप खाली पडतं. घासून उघड्या केलेल्या पत्र्यावर ते पडलं की दुपारपर्यंत तांबूस. ३२ हजारांत ही भीती जाते तर घालवावी.

तर माझा हिशेब असा. शेड ५.५२ लाख, त्यावर जीएसटी ९९ हजार, पाया ९५ हजार, फ्लोअर पावणेदोन लाख, खालची ३ फुटाची चिऱ्याची भिंत ७० हजार, शटर ४५, इन्सुलेशन ३२, पन्हाळ आणि टाकी ३५, हेस्कॉमची (वीज कंपनी) थ्री फेज लाइन आणि आतलं वायरिंग अर्थिंग ९० हजार, कारण ५ एचपीचा कॉम्प्रेसर सिंगल फेजवर ओढायचा नाही. सगळं मिळून ११ लाख ९३ हजार. ज्या कोटेशनवरनं मी दोन महिने डोकं फोडत होतो ते या आकड्याच्या निम्मंसुद्धा नाही. शेड ५ लाखांत होते असं कोण सांगत असेल तर फ्लोअर आणि लाइट धरलीय का विचारा.

फुटिंगची आखणी परवा झाली. मृगाच्या आधी पत्रा चढला पाहिजे असं मामांना सांगितलंय, फ्लोअर छपराखाली सावकाश होईल, २८ दिवस त्याला पाणी मारायचं काम बाबांनी स्वतःहून मागून घेतलंय.