प्रॉक्समॉक्सचा कन्सोल उघडत नाही तेव्हा: १००६ च्या मागे काय असतं

प्रॉक्समॉक्स म्हणजे एका सर्व्हरवर अनेक आभासी संगणक (व्हीएम) चालवायची प्रणाली. तिच्या वेब पानावर व्हीएम निवडून तिचा पडदा बघायला 'कन्सोल' दाबलं, खिडकी उघडली, आणि आत 'फेल्ड टु कनेक्ट टु सर्व्हर' किंवा नुसताच 'कोड १००६' दिसला, की अनेकांचा हात थेट रीसेटकडे जातो. तो आधी थांबवा. कन्सोल न उघडणं वेगळं आणि व्हीएम बंद पडणं वेगळं. पुष्कळदा आतला डेटाबेस निवांत चालू असतो. तुटलेली असते ती ब्राउझरपासून व्हीएमच्या पडद्यापर्यंतची वाट. चालत्या डेटाबेसची वीज काढून घेतली, तर मूळ अडचण जागच्या जागी राहते आणि वर एक नवीन उभी राहते.

१००६ या आकड्यातून कारण कळत नाही. वेबसॉकेट म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरमधली सतत उघडी राहणारी जोडणी. तिचं मानक आरएफसी ६४५५ हे २०११ चं. त्यात हा आकडा राखीव आहे आणि सर्व्हर तो कधीच पाठवत नाही. जोडणी रीतसर बंद न होता तुटली, की ब्राउझरच तो आपल्या बाजूने लावतो. त्यामुळे '१००६ वर उपाय' शोधत बसलात तर दहा ठिकाणी दहा उत्तरं मिळतात आणि दहाही कुणासाठी तरी बरोबर असतात.

वाट अशी आहे. ब्राउझर ८००६ पोर्टवर पीव्हीईप्रॉक्सीशी, म्हणजे प्रॉक्समॉक्सच्या वेब सेवेशी, बोलतो. कन्सोल दाबला की सर्व्हरवर व्हीएनसीप्रॉक्सीचा टास्क सुरू होतो (व्हीएनसी म्हणजे दुसऱ्या संगणकाचा पडदा नेटवर्कवरून बघायची पद्धत). तो ५९०० ते ५९९९ मधलं एक मोकळं पोर्ट धरतो आणि १० सेकंद वाट बघतो. तेवढ्यात ब्राउझरची वेबसॉकेट जोडणी पीव्हीईप्रॉक्सीमार्फत तिथे पोचली, तर टास्क तिला क्यूईएमयूच्या (व्हीएम प्रत्यक्ष चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) व्हीएनसी सॉकेटशी जोडून देतो. व्हीएम क्लस्टरमधल्या (एकत्र जोडलेल्या सर्व्हरांच्या गटातल्या) दुसऱ्या नोडवर, म्हणजे सर्व्हरवर, असेल तर मध्ये एसएसएचचा (सुरक्षित दूरस्थ लॉगिनचा) एक टप्पा वाढतो.

म्हणून पहिलं काम एकच: पानाच्या तळाशी असलेल्या टास्क लॉगमध्ये नुकत्याच फसलेल्या कन्सोलच्या ओळीवर डबल क्लिक करा. तिथे 'कनेक्शन टाइम्ड आउट' असेल आणि टास्क सुमारे १० सेकंदांनी संपला असेल, तर सर्व्हर वाट बघत होता पण ब्राउझर पोचलाच नाही. दोष अलीकडच्या, म्हणजे ब्राउझरच्या, बाजूला आहे. 'फेल्ड टु रन व्हीएनसीप्रॉक्सी' असेल तर ब्राउझर पोचला, पुढची वाट तुटली. या एका ओळीने निम्मं काम होतं, आणि नेमकी हीच ओळ सगळ्यात कमी वाचली जाते.

खालच्या कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत; टर्मिनलमध्ये अर्थातच त्या लहान रोमन अक्षरांत टाकायच्या.

आधी अलीकडची बाजू. ब्राउझरमध्ये एफ१२ दाबून नेटवर्कच्या भागात 'व्हीएनसीवेबसॉकेट' ही विनंती शोधा. उत्तर १०१ असेल तर वेबसॉकेट उघडलं होतं. ४०१ म्हणजे तिकीट (लॉगिननंतर मिळणारी ओळख) चाललं नाही: बाहेर पडून पुन्हा लॉगिन करा, तरीही तेच आलं तर 'टाइमडेटसीटीएल' देऊन प्रत्येक नोडचं घड्याळ तपासा. लॉगिनचं तिकीट २ तास चालतं, आणि ते एका नोडने दिलं तरी दुसऱ्या नोडला मान्य व्हावं लागतं, म्हणून घड्याळं जुळलेली हवीत. ४०३ म्हणजे परवानगी नाही. त्या वापरकर्त्याच्या भूमिकेत 'व्हीएम.कन्सोल' हवं, 'पीव्हीईव्हीएमयूजर'मध्ये ते असतं, 'पीव्हीईऑडिटर'मध्ये नसतं.

पण अलीकडच्या बाजूचा खरा गुन्हेगार बहुतेक वेळा मध्ये ठेवलेला रिव्हर्स प्रॉक्सी, म्हणजे ब्राउझरच्या विनंत्या सर्व्हरकडे पोचवणारा मध्यस्थ, असतो. बाकी सगळी पानं उघडतात, आलेख दिसतात, व्हीएम सुरू-बंद होते, फक्त कन्सोल नाही. असं असेल तर दुसरीकडे शोधूच नका. असा मध्यस्थ म्हणून वापरला जाणारा एन्जिनएक्स वेबसॉकेटचा 'अपग्रेड' हेडर आपणहून पुढे देत नाही. त्या लोकेशनमध्ये 'प्रॉक्सी एचटीटीपी व्हर्जन' १.१ करा, 'अपग्रेड' हेडरमध्ये आलेलं मूल्य तसंच पुढे द्या, 'कनेक्शन' हेडरमध्ये 'अपग्रेड' लिहा आणि 'प्रॉक्सी बफरिंग' बंद करा. आणखी एक ओळ राहून जाते ती 'प्रॉक्सी रीड टाइमआउट'ची. तिचं ठरलेलं मूल्य ६० सेकंद आहे. व्हीएमच्या पडद्यावर काहीच हललं नाही तर व्हीएनसीकडे पाठवायला काही नसतं, आणि मिनिटभर शांतता झाली की एन्जिनएक्स जोडणी तोडतो. 'कन्सोल उघडतो, पण एक मिनिटाने आपोआप जातो' या तक्रारीचं कारण हे. ३६०० सेकंद ठेवा.

प्रॉक्सीवर शंका असेल तर तर्क करत बसू नका. थेट सर्व्हरच्या आयपीवर ८००६ पोर्टने उघडून बघा. तिथे कन्सोल चालला तर प्रॉक्समॉक्सला हात लावायची गरजच नाही. थेट उघडूनही चालत नसेल तर दुसरा ब्राउझर, मग दुसरं नेटवर्क, या क्रमाने जा. एचटीटीपीएस तपासणारे अँटिव्हायरस आणि ऑफिसचे प्रॉक्सी वेबसॉकेट अडवतात. स्वतः सही केलेल्या प्रमाणपत्राची सूचना पानासाठी मान्य केली तरी सफारीत वेबसॉकेटला ती मान्यता लागू न होण्याची अडचण जुनी आहे. कायमचा उपाय म्हणजे 'ईटीसी/पीव्हीई' मधलं 'पीव्हीई-रूट-सीए.पीईएम' आपल्या संगणकात विश्वासार्ह म्हणून बसवणं, किंवा एसीएमईने (प्रमाणपत्र आपोआप मिळवायच्या पद्धतीने) खरं प्रमाणपत्र घेणं. प्रमाणपत्रांचा घोळ झाल्यासारखा वाटला तर 'पीव्हीईसीएम अपडेटसर्ट्स' आणि मग 'सिस्टीमसीटीएल रीस्टार्ट पीव्हीईप्रॉक्सी'. याने चालू व्हीएमना काही होत नाही, पण उघडे कन्सोल तुटू शकतात.

आता पलीकडची बाजू. ज्या नोडवर लॉगिन केलंय त्याच्यावरच्या व्हीएमचा कन्सोल चालतो, दुसऱ्या नोडवरच्याचा नाही, आणि लॉगमध्ये 'होस्ट की व्हेरिफिकेशन फेल्ड' आहे: नोड नव्याने बसवला, नाव तेच ठेवलं आणि एसएसएचची किल्ली बदलली, की हे हमखास होतं. आधी 'पीव्हीईसीएम अपडेटसर्ट्स' चालवा. तरी भागलं नाही तर 'एसएसएच-कीजेन -आर' ('आर' तेवढा मोठ्या अक्षरात) पुढे नोडचं नाव देऊन जुनी नोंद काढा, मग आयपी देऊनही काढा. रूटच्या होम फोल्डरमधली 'नोन होस्ट्स' फाइल आणि 'ईटीसी/पीव्हीई/प्रिव्ह' मधली, दोन्हीकडे बघा. नंतर एका नोडवरून दुसऱ्यावर एसएसएच करा. काहीही न विचारता आत गेलं पाहिजे. 'येस' लिहावं लागत असेल तर कन्सोलही अडणार, कारण तिथे 'येस' लिहायला कुणी बसलेलं नसतं.

नोडचा आयपी बदलल्यावरही असंच अडतं. 'ईटीसी/होस्ट्स'मध्ये नोडच्या नावापुढे नवा आयपी आहे ना, ते बघा. १२७.०.१.१ तर नकोच. मग 'ईटीसी/पीव्हीई' मधली '.मेंबर्स' फाइल वाचा. क्लस्टर कोणत्या पत्त्यावर जायला बघतोय ते तिथे लिहिलेलं असतं. जुना आयपी दिसला तर त्या नोडवर 'पीव्हीई-क्लस्टर' सेवा पुन्हा सुरू करावी लागते. पानावर ५९५ आला तर त्या नोडपर्यंत जोडणीच झाली नाही. ५९६ आला तर जोडणी झाली, पण टीएलएसच्या वेळी किंवा उत्तर येण्याआधी अडकली.

सगळ्यात गंभीर प्रकार हा: लॉगमध्ये 'क्यूएमपी कमांड सेट पासवर्ड फेल्ड' आणि पुढे 'टाइमआउट'. कन्सोल उघडताना प्रॉक्समॉक्स क्यूईएमयूला तात्पुरता पासवर्ड लावायला सांगतो. क्यूईएमयू उत्तरच देत नाही, म्हणजे ती प्रक्रिया कुठेतरी अडकली आहे. नेटवर्क तपासण्यात वेळ घालवू नका, स्टोरेजकडे बघा. एनएफएसचा, म्हणजे नेटवर्कवरून फाइल्स पुरवणारा, सर्व्हर गेलेला असतो, किंवा हळू बॅकअप सर्व्हरवर बॅकअप चालू असतो. 'पीव्हीईएसएम स्टेटस' किंवा 'डीएफ' दिल्यावर टर्मिनल गप्प राहिलं तर समजा सापडलं. 'पीएस'मध्ये त्या प्रक्रियेपुढे 'डी' (स्टोरेजच्या उत्तराची वाट बघत अडकलेली) दिसत असेल तर 'किल -९' नेही ती मरणार नाही; एनएफएस परत आणणं हाच मार्ग, आणि तो आल्यावर व्हीएम बऱ्याचदा जिथे थांबली तिथून पुढे चालू लागते. बॅकअप चालू असेल तर तो संपू द्या किंवा टास्कमधून रीतसर थांबवा.

व्हीएम जिवंत आहे की नाही हे कन्सोलशिवाय बघायचं असेल, तर होस्टवर 'क्यूएम मॉनिटर १००' देऊन 'इन्फो स्टेटस' विचारा. १०० च्या जागी आपला व्हीएम क्रमांक. मग 'स्क्रीनडंप' पुढे 'टीएमपी' मधल्या एखाद्या फाइलचं नाव द्या. व्हीएमच्या पडद्याचं चित्र तिथे साठवलं जातं. चित्रात लॉगिनची ओळ दिसली तर व्हीएम ठणठणीत आहे. मॉनिटरही उत्तर देत नसेल तर वरचाच स्टोरेजचा प्रकार.

शेवटी, जोडणी झाली पण पडदा काळा. हा जोडणीचा दोष नव्हेच. 'गेस्ट हॅज नॉट इनिशियलाइज्ड द डिस्प्ले' म्हणजे व्हीएमने अजून चित्र काढायला घेतलेलं नाही. ग्राफिक्स कार्ड पासथ्रू केलेलं, म्हणजे थेट व्हीएमला दिलेलं, असेल तर चित्र त्या कार्डातून बाहेर जातं आणि इथे काही येत नाही. क्लाउड इमेजवरून बनवलेल्या डेबियन-उबुंटू व्हीएममध्ये डिस्प्ले बहुतेक 'सिरियल०', म्हणजे चित्राऐवजी मजकूर देणारं पोर्ट, ठेवलेला असतो. तिथे नोव्हीएनसी (चित्राचा कन्सोल) सोडून एक्सटर्म.जेएस (मजकुराचा कन्सोल) निवडा आणि एकदा एंटर दाबा, लॉगिनची ओळ तेव्हाच उमटते. 'अनेबल टु फाइंड अ सिरियल इंटरफेस' आलं तर हार्डवेअरमध्ये सिरियल पोर्टच नाही. 'क्यूएम सेट १०० --सिरियल० सॉकेट' द्या आणि व्हीएम पूर्ण बंद करून सुरू करा. आतून रीबूट केल्याने नवीन पोर्ट दिसत नाही, कारण क्यूईएमयूची प्रक्रिया जुनीच राहते. पोर्ट आहे तरी मजकूर नाही, तर व्हीएमच्या आत कर्नलच्या ओळीत 'कन्सोल=टीटीवायएस०,११५२००' घाला; 'एस' तेवढा मोठ्या अक्षरात. ग्रब (बूट लोडर) अद्ययावत करा, रीबूट करा. होस्टवरून 'क्यूएम टर्मिनल १००' देऊनही हाच कन्सोल मिळतो, आणि त्यातून बाहेर पडायला कंट्रोल आणि ओ.