क्रूझच्या आधी सिंगापूर: सकाळी बाग, संध्याकाळी मरीना बे

तुमची क्रूझ सिंगापूरहून सुटणार असेल तर त्याच दिवशी सकाळी उतरणारं विमान घेऊ नका. विमानाला उशीर झाला तर बोट थांबत नाही. शिवाय रात्रभराचं जागरण आणि अडीच तास पुढे गेलेलं घड्याळ, यात शहर बघायचं राहूनच जातं. आम्ही आई-बाबांना घेऊन आधी जाऊन राहिलो, आणि मला तर बोटीइतकंच हे शहर आवडलं.

हे शहर विषुववृत्तापासून दीडशे किलोमीटरच्या आत आहे. बाराही महिने दमट उकाडा आणि दुपारी कधीही कोसळणारी सर. म्हणून सकाळ आणि संध्याकाळ बाहेर, दुपार खोलीत किंवा एसीत असाच बेत आखा. उजाडायलाच सात वाजतात, त्यामुळे फार लवकर उठायची घाई नाही.

सकाळ बोटॅनिक गार्डन्सला द्या. बाग १८५९ सालची आहे, २०१५ पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि प्रवेश फुकट. तिकीट लागतं ते फक्त आतल्या ऑर्किड बागेला, पण ते जरूर काढा. हिरवळीवर टेंबुसूचं एक जुनं, प्रचंड झाड आहे. त्याची एक जाडजूड फांदी जमिनीला जवळजवळ समांतर पसरली आहे आणि तिला खालून टेकू दिलेत. सिंगापूरच्या पाच डॉलरच्या नोटेवर हेच झाड आहे. बाबांनी नोट झाडासमोर धरून फांदी न् फांदी जुळवून बघितली.

जेवायला लिटल इंडिया, म्हणजे इथली भारतीय वस्ती. सेरंगून रोडवरचं १९४७ पासूनचं कोमला विलास शाकाहारी मंडळींसाठी उत्तम. टेक्का सेंटर या बाजारात डोशापासून बिर्याणीपर्यंत सगळं मिळतं. टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलेलं दिसलं तर ती जागा कोणीतरी धरलेली आहे असं समजा. जेवण झाल्यावर ताट-ट्रे स्वतः परत ठेवायचे, नाहीतर दंड होऊ शकतो. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटल्या सोबत ठेवा.

चारच्या पुढे ऊन उतरलं की एस्प्लनेड पार्क. मर्लायन, म्हणजे सिंहाचं तोंड आणि माशाचं अंग असलेला पुतळा, बघायला सगळेच जातात, तो तिथून पायी अंतरावर आहे. पण त्याआधी बागेतली आझाद हिंद सेनेच्या स्मारकाची जागा शोधा. १९४५ च्या जुलैत नेताजींनी इथे अनाम सैनिकांच्या स्मारकाची पायाभरणी केली. महायुद्धात जपान हरल्यावर इंग्रज सिंगापुरात परत आले आणि त्यांनी ते पाडून टाकलं. १९९५ मध्ये त्या जागी फलक लावला गेला. मूळ स्मारकावर तीन शब्द होते: इत्तेफाक, एतमाद, कुर्बानी, म्हणजे एकता, विश्वास, त्याग. शेजारच्याच पडांग मैदानावर ५ जुलै १९४३ ला नेताजी सैनिकांसमोर उभे राहिले होते. स्त्रियांची पलटण याच शहरात उभी राहिली आणि तिला नाव मिळालं झाशीच्या राणीचं. आई फलकासमोर हात जोडून बराच वेळ उभी होती. सहलीच्या कंपन्या इथे सहसा थांबत नाहीत, म्हणून मुद्दाम सांगतो, अर्धा तास काढाच.

रात्री गार्डन्स बाय द बे. सुपरट्री म्हणजे झाडाच्या आकाराचे उंच मनोरे. त्यांचा दिव्यांचा खेळ पावणेआठ आणि पावणेनऊला असतो, फुकट. खाली जमिनीवर चक्क आडवं होऊन बघा, मान दुखत नाही. वेळ असेल तर संध्याकाळी आधी मरीना बराजच्या छतावरच्या हिरवळीवर जा. या बंधाऱ्यामुळेच मरीना बेचं गोड्या पाण्याचं तळं झालंय. तिथून एका बाजूला शहर दिसतं आणि दुसऱ्या बाजूला समुद्रात नांगरलेली जहाजं.

फिरायला एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, सर्वांत सोयीची. कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड गेटवर टेकवलं की झालं. फक्त परदेशी वापर चालू आहे ना आणि शुल्क किती, हे बँकेला निघण्याआधी विचारा.

आता बोटीचं. क्रूझ टर्मिनल दोन आहेत, मरीना बे आणि हार्बरफ्रंट. तिकिटावर कोणतं लिहिलंय ते नीट वाचा. मरीना बेसाठी मरीना साऊथ पिअर स्टेशनवर उतरून थोडं चालावं लागतं. मोठ्या बॅगा आणि ज्येष्ठ मंडळी सोबत असतील तर सरळ टॅक्सी करा. बोट फिरून सिंगापूरलाच परत येणार असेल तर व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा हवा, आणि परतताना अरायव्हल कार्ड, म्हणजे देशात येण्याआधी भरायचा ऑनलाइन फॉर्म, पुन्हा भरावं लागतं. ते सरकारी साइटवर फुकट भरता येतं. पैसे मागणाऱ्या साइटच्या नादी लागू नका. च्युइंगम आणि ई-सिगारेट देशात आणायला बंदी आहे.

टर्मिनलवर मोठ्या बॅगा आधीच ताब्यात घेतात आणि त्या केबिनपर्यंत पोचायला संध्याकाळ होऊ शकते. औषधं, पासपोर्ट, चष्मा आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीतच ठेवा.